लाइट जाण्याची वाट बघणाऱ्या महाजनबाई

मी बऱ्हाणपूरच्या विजेच्या ऑफिसात लाइन सुपरवायझर आहे. आजवर मला जेवढे फोन आले त्यातले बहुतेक एकाच प्रश्नाचे, लाइट कधी येणार? पुढाऱ्यांपासून पिठाच्या गिरणीवाल्यापर्यंत सगळ्यांनी हा प्रश्न विचारला, आणि जाता जाता माझ्या खानदानाचीही आठवण काढली. लाइट कधी जाणार, असं विचारणारं अख्ख्या शहरात एकच माणूस होतं. ते म्हणजे आमच्या गल्लीतल्या महाजनबाई.

"देविदास, ह्या हप्त्यात आपल्या गल्लीची लाइट कधी जाऊन राहिली?"

"बुधवारी, बाई. दुपारी. झाडं छाटायची आहेत."

"नक्की जाईन ना? मागच्या टाइमाला तू सांगितलं अन् गेलीच नाही. बहादरपूरच्या पोरी येऊन बसल्या होत्या माझ्याकडे. परत गेल्या बिचाऱ्या."

लाइट गेली नाही म्हणून मी बाईंची माफी मागितली. हे ऑफिसात कोणाला कळलं असतं तर त्यांनी मला थोडे दिवस घरी आराम करायला सांगितलं असतं.

बाई कन्याशाळेत गाणं शिकवायच्या. निवृत्त झाल्या त्याच सुमाराला शहरातल्या एका रेकॉर्डिंगवाल्याने आपलं दुकान गुंडाळलं आणि तो इंदूरला गेला. त्याचा कम्प्युटर, माइक, दोन स्पीकर असं सगळं सामान बाईंनी उचललं आणि आपल्या माडीवरच्या खोलीत मांडलं. लोकांना वाटलं, बाई आता तिथे बसून भजनं ऐकणार. बाईंनी मात्र तिथे गाणी रेकॉर्ड करायला घेतली. देवीच्या आरत्या, शाळांच्या प्रार्थना, केळीच्या व्यापाऱ्याची जाहिरात, लग्नातली गाणी, जो येईल त्याचं.

अडचण एकच होती. बाईंच्या घराच्या डावीकडे कापड विणायचे विजेवरचे लूम, उजवीकडे लूम आणि मागच्या भिंतीला लागूनही लूम. आमच्या गल्लीत आम्ही एकमेकांशी मोठ्यानेच बोलतो. पाहुण्यांना वाटतं इथे सगळ्यांची भांडणं आहेत, पण ती लूमच्या खटखटीची सवय आहे. बाईंनी खोलीच्या चारी भिंतींना कापसाच्या गाद्या बांधल्या, खिडकीची फळी खिळे ठोकून कायमची बंद केली. खटखट थोडी मऊ झाली, थांबली नाही. मग एक दिवस लाइट गेली. सगळे लूम एकदम गप्प झाले. बाईंच्या कम्प्युटरला मात्र बॅटरीवर चालणारा यूपीएस होता, तो चालूच राहिला. बाईंना रेकॉर्डिंगची वेळ सापडली.

तेव्हापासून गल्लीत लाइट गेली की लूमवाले बाहेर येऊन बिडी पेटवत आणि वर बाईंकडे तानपुरा लागे. पंखा बंद, खिडकी बंद, आत गाणारी माणसं घामाने निथळलेली. बाई सगळ्यांच्या हातावर एकेक लवंग ठेवायच्या, स्वतःच्या गालात एक असायचीच. यूपीएस संपत आला की टी टी असा ओरडतो, ते गाण्यात येऊ नये म्हणून त्याचा भोंगाच बाईंनी कापून टाकला होता. त्याऐवजी त्या त्याच्या लाल दिव्याकडे बघत बसायच्या. दिवा लुकलुकायला लागला की त्यांचा उजवा हात वर जायचा. हात वर म्हणजे शेवटचा अंतरा घ्या. मधला एखादा अंतरा राहिला असेल तर तो गेला. त्यांच्याकडे गायलेल्या लोकांना ही खूण इतकी अंगवळणी पडली होती, की बाजारात रिक्षा थांबवायला बाईंनी हात वर केला तरी आजूबाजूची दोन-तीन माणसं बोलणं आवरतं घ्यायची.

त्यांचा आवडता शब्द होता "परत". तुम्ही जीव ओतून गावं, डोळे उघडून बाईंकडे बघावं, आणि बाईंनी लवंग या गालातून त्या गालात सरकवत म्हणावं, "परत." चुकलं कुठे ते त्या सांगायच्या नाहीत. तुमचं तुम्ही शोधा. मीसुद्धा एकदा गणपतीच्या आरतीच्या कोरसमध्ये उभा राहिलो होतो. चार वेळा 'परत' झाल्यावर बाई म्हणाल्या, "देविदास, तू खांबावरच बरा आहेस." मी खाली जाऊन लूमवाल्यांशेजारी बसलो.

बँडवाले गणपतमास्तर क्लॅरिनेट घेऊन आले होते तेव्हाची गोष्ट तर गल्लीत सगळ्यांना पाठ आहे. वरातीत वाजवायची एक धून त्यांना रेकॉर्ड करून हवी होती. बाईंनी त्यांना आधी नुसता सा लावायला सांगितला. मास्तरांनी लावला. "परत." मास्तरांनी पुन्हा लावला. "परत." असं करता करता लाइट आली, लूम सुरू झाले आणि धून राहिली ती राहिली. मास्तर जिना उतरताना तणतणत होते. "मी हजार नवरदेव घोड्यावर बसवले, मला सा शिकवून राहिली ही बाई." पुढच्या वेळी लाइट गेली तेव्हा मास्तर सगळ्यांच्या आधी जिन्यात उभे. क्लॅरिनेटची भेग त्यांनी बुजवून आणली होती. ती कोणाला दिसली नव्हती, बाईंना ऐकू आली होती. त्यानंतर दोघांची गट्टी जमली ती कायमची.

बाई कम्प्युटरला 'म्हातारा' म्हणायच्या. तो होताच तसा. घेतला तेव्हाच जुना होता. त्यातलं गाण्याचं सॉफ्टवेअर आता कोणी विकत नाही आणि नव्या कम्प्युटरवर ते चालत नाही. म्हातारा अडकला तर तो हँग झाला असं बोलायची सोय नव्हती. "विचार करून राहिला तो. तुला घाई आहे तर तू जा." इंटरनेट त्याला कधी जोडलं नाही. बाळंतिणीला जपतात तसं, बाहेरचं वारं लागू द्यायचं नाही. लूममुळे आमच्या हवेत कापसाचे तंतू उडत असतात, ते त्याच्या पंख्यात जाऊन बसायचे. दर शनिवारी बाई त्याची कड उघडून पेटीचे सूर झाडायच्या ब्रशने आतला कापूस काढत. चिमूटभर निघाला की समाधानाने दाखवत, "बघ, नाक चोंदलं होतं त्याचं."

शनिवारचं नाक साफ करणं ठीक होतं. खरा सोहळा अमावास्येला. अमावास्येला कोणी नवीन गाणं सुरू करत नाही, त्यामुळे तो दिवस मोकळा. बाई न्हाऊन धुऊन वर जायच्या, म्हाताऱ्याला कुंकू लावायच्या आणि सगळ्या गाण्यांच्या कॉप्या काढायच्या. तीन पेनड्राइव्ह. एक देवघरात, एक तापीपलीकडे जैनाबादला बहिणीकडे आणि एक बहादरपूरला सरलाकडे. तापीला पूर आला तरी एक काठ तर राहील, असा हिशेब. या कॉप्यांचा बाईंना भारी अभिमान. कोणाच्याही घरी गेल्या की विचारायच्या, "कॉपी ठेवली का?" माझ्या मुलीची मार्कशीट, शेजारच्यांच्या घराचे कागद, कशाचीही. एका फोटोवाल्याच्या हातून लग्नाचे फोटो उडाले तेव्हा बाईंनी त्याला भर रस्त्यात धरलं आणि शाळेतल्या पोरीसारखा उभा केला. आणि तो बोटभर पेनड्राइव्ह दाखवून म्हणाल्या, "इतक्यात माझी सगळी गाणी आहेत. जागा तरी किती लागते?"

इथे सरलाबद्दल सांगायला हवं. सरला ही बाईंची शाळेतली विद्यार्थिनी, बहादरपूरला केळीवाल्यांच्या घरात दिलेली. बाईंनी जन्मात जिला सगळ्यात कमी वेळा 'परत' म्हटलं असेल, ती ही. तिच्या आईला हळदीची, मांडवाची, पाठवणीची गाणी येत, ती सरलाने उचलली होती. एका उन्हाळ्यात, लाइट जाईल तेव्हा तेव्हा येऊन तिने ती सगळी बाईंकडे गायली. नुसता आवाज आणि मागे तानपुरा. तबला-पेटी नंतर सावकाश भरू, असं ठरलं. त्यानंतर सरलाच्या गळ्याला गाठ निघाली, ऑपरेशन झालं. जीव वाचला पण आवाज गेला. आता ती बोलते ते खरखरीत, शेजारी बसलेल्याला ऐकू येईल एवढंच. गाणं तर सोडाच.

बाईंनी ती गाणी पुरी केली नाहीत. मनासारखा तबलजी मिळत नाही, असं म्हणायच्या. माझ्या मते त्यांना तो आवाज पुन्हा ऐकायची छाती होत नव्हती. पण कॉपी मात्र एका अमावास्येला चुकली नाही.

गेल्या साली सरलाच्या भाचीचं लग्न निघालं. हळदीला आपली गाणी वाजवावीत असं सरलाच्या मनात आलं. स्वतः गाता येत नाही तर निदान आवाज तरी मांडवात असावा. ती पेनड्राइव्ह घेऊन बाजारात जावेदच्या दुकानात गेली. कम्प्युटर दुरुस्तीत जावेद इथला जुना माणूस. त्याने पेनड्राइव्ह लावला, बघितला, आणि दोघं तसेच उठून बाईंकडे आले.

त्या दिवशी दुपारी आमच्या गल्लीची लाइट जाणार होती. ट्रान्सफॉर्मरचं काम होतं. बाईंनी सकाळीच म्हाताऱ्याला सुरू करून ठेवलं होतं. कितीदा तरी बटण दाबल्यावर तो एकदाचा उठला होता. पुढचं मला नंतर सरलानेच सांगितलं.

"बाई, ह्याच्यात माझा आवाज नाही," सरला म्हणाली.

"नाही कसा? मी स्वतः टाकला."

जावेदने समजावलं, "बाईजी, इसमें गाने का नक्शा है, गाना नहीं. कौनसा टुकड़ा कहाँ बजेगा, बस वही लिखा है. असली आवाज़ तो दूसरे फोल्डर में रहती है. वो कभी कॉपी ही नहीं हुई."

म्हणून तर सगळी गाणी बोटभर जागेत मावत होती. इतक्या वर्षांच्या अमावास्या, तीन घरं, नदीचे दोन काठ, आणि जपलं काय, तर नकाशा. बाई खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "शून्य." शाळेत त्या हा शब्द पोरींना ऐकवायच्या. आज स्वतःला दिला.

तेवढ्यात जावेदने म्हाताऱ्याला कान लावला होता. आतून टक, टक असा आवाज येत होता. त्याच्या सांगण्याप्रमाणे ज्या डिस्कमध्ये खरा आवाज होता ती शेवटच्या घटका मोजत होती. सावकाश सगळं बाहेर काढता येईल, दोन-तीन तास लागतील. पण मशीन बंद करायचं नाही. "अभी घूम रही है तो घूमने दो. एक बार रुक गई तो फिर उठेगी, इसकी गारंटी मैं नहीं लेता." त्याने कॉपी सुरू केली. लाइट जायला तासही राहिला नव्हता आणि यूपीएस काही मिनिटांचा धनी.

माझा फोन वाजला. मी ट्रान्सफॉर्मरखाली उभा होतो.

"देविदास," बाई म्हणाल्या, "आज लाइट जाऊ देऊ नको."

मला वाटलं मी चुकून दुसऱ्या कोणाचा फोन उचलला. त्यांनी थोडक्यात सगळं सांगितलं. त्यांचा आवाज नेहमीसारखाच करडा होता, फक्त त्यात लवंग नव्हती.

"बाई, चार फिडरचं काम लागलंय. इथून तिथून सगळ्या गल्ल्या आहेत त्याच्यात. अन् वरची जोडणी सुटायला लागलीय, ती आज केली नाही तर रात्रीतून जळेल. लाइट माझ्या हातात नाही. माणसं खांबावर चढायला उभी आहेत."

"माणसं वर जाणार असतील तर नको," त्या लगेच म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं त्यांनी लाइट जायची वाट बघितली, आणि राहायला हवी होती त्या एका दिवशी मला नाही म्हणावं लागलं. वरचा खटका पाडला, माणसं चढली, काम सुरू झालं. मी दुसऱ्या सुपरवायझरला उभं करून गल्लीकडे धावलो. काय करणार होतो ते मलाही माहीत नव्हतं.

गल्लीत शिरतो तर समोरून वरात येतेय. म्हणजे नवरदेव नव्हता, घोडी नव्हती, पण वरातीच्या दिव्यांना वीज देणारा जनरेटरचा गाडा होता, त्याला दोन माणसं ढकलत होती, आणि पुढे गणपतमास्तर, खाली बँडची लाल पट्ट्याची पँट आणि वर बनियन. बाईंनी फोन केला तसे ते जेवणावरून उठले होते. वर बाई हातोडीने खिडकीची फळी उचकटत होत्या. खिळे इतके जुने होते की फळीचा एक तुकडाच निघाला. त्या भोकातून वायर वर गेली.

"वायर घराच्या बोर्डात घालू नका," मी खालूनच ओरडलो. "सरळ यूपीएसला लावा. बोर्डातून लाइनीत करंट गेला तर खांबावर माझी माणसं आहेत." जावेदने मान डोलावली. एवढंच माझं त्या दिवसातलं कर्तृत्व. मग मीही जिना चढून वर गेलो.

मास्तरांनी दोरी ओढली आणि जनरेटर धडधडायला लागला. एवढा आवाज आमच्या गल्लीने लूम चालू असतानाही ऐकला नव्हता. आयुष्यभर आवाजाशी भांडलेल्या बाई त्या धडधडीत म्हाताऱ्यासमोर हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. स्क्रीनवरची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत होती. मधे ती थांबायची. टक, टक, टक. "विचार करून राहिला तो," बाई हळूच म्हणायच्या. पट्टी पुन्हा सरकायची. सरला त्यांच्या पायाशी बसली होती. खाली लूमवाले आळीपाळीने जनरेटरमध्ये डिझेल ओतत होते. त्यांना आत काय चाललंय ते नीट माहीतही नव्हतं, बाईंचं काहीतरी अडलंय एवढं पुरे होतं.

शेवटी पट्टी भरली. जावेद म्हणाला, "हो गया, बाईजी."

"झालं कसं? ऐकल्याशिवाय कॉपी मोजायची नाही," बाई म्हणाल्या. हा नियम त्यांनी त्याच क्षणी केला. जावेदने सगळं आपल्या लॅपटॉपवर घेतलं. मास्तरांनी जनरेटर बंद केला. आमचं ट्रान्सफॉर्मरचं काम अजून चालूच होतं, त्यामुळे लूम थांबलेले. धडधड थांबली आणि गल्ली एकदम इतकी शांत झाली की मला माझाच श्वास ऐकू आला.

आणि सरलाचा आवाज आला. हळदीचं गाणं. भरलेला, मोकळा आवाज, पहिल्या सुरातच बहादरपूरच्या मळ्यातून हाक मारल्यासारखा. खिडकीच्या भोकातून तो खाली गल्लीत उतरला. लूमवाले उठून उभे राहिले. गणपतमास्तरांनी डोक्याला बांधलेला रुमाल काढून हातात घेतला. मी सरलाकडे बघत होतो. तिने तोंडावर हात ठेवला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ऐकत ती गाणारीच्या कानाने होती. दुसऱ्या अंतऱ्याला तिने बाईंचा पदर ओढला.

"बाई, इथं माझा श्वास चुकला," ती तिच्या त्या खरखरीत आवाजात म्हणाली. "तुम्ही तेव्हा बोलल्या नाही."

बाईंनी मान हलवली. "चुकलाय," त्या म्हणाल्या. आम्ही सगळे नेहमीच्या शब्दाची वाट बघत होतो. बाईंनी सरलाच्या केसांवर हात ठेवला.

"राहू दे," त्या म्हणाल्या.

बाईंच्या तोंडून हे दोन शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले.

संध्याकाळी म्हातारा बंद केला तो त्यांनी पुन्हा सुरू करून बघितला नाही. झाकण घातलं, वर जास्वंदीचं फूल ठेवलं. भाचीच्या हळदीला सरला मांडवात पाटाशेजारी बसली होती आणि तिचाच आवाज स्पीकरवर गात होता. म्हाताऱ्या बायका तिच्या तोंडाकडे बघत होत्या, ओठ मिटलेले असताना गाणं कुठून येतंय म्हणून. त्यानंतर जावेदने एक वापरलेला पण तरणा कम्प्युटर आणून दिला, आणि तो चालवायला सरला शिकली. गळा गेला तरी कान जागेवर होता. आठवड्यातून दोनदा ती बहादरपूरहून येऊ लागली, सोबत तिथल्या मुली. दर अमावास्येला तीन कॉप्या निघायच्या, आणि आता तिन्ही ऐकून बघितल्या जायच्या. जैनाबादच्या बहिणीची तक्रार होती, की पूर्वी पेनड्राइव्ह नुसता डबीत ठेवायचा असायचा, आता बाई फोनवर परीक्षा घेते, तिसऱ्या गाण्यातला दुसरा अंतरा सांग म्हणते.

पावसाळा सरता सरता बाई झोपेतच गेल्या. आजार नाही, औषध नाही. त्यांच्याबद्दल काही वाईट आठवायचं म्हटलं तर मला ते चार वेळचं 'परत' सोडून काही आठवत नाही.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्याच्या थोडं आधी. गल्लीच्या तोंडाशी तार बदलायचं काम होतं, लाइट बंद होती. मी सहज बाईंच्या घराखालून चाललो होतो. फळीचा तो तुकडा त्यांनी परत बसवला नव्हता. त्या भोकातून आतलं थोडं दिसत होतं. माइकसमोर दोन मुली, कम्प्युटरसमोर सरला, आणि स्टुलावर बाई, गालात लवंग. मुली पाठवणीचं गाणं गात होत्या. बाईंची नजर यूपीएसच्या दिव्यावर होती. बघता बघता त्यांचा उजवा हात वर गेला.

तेवढ्यात गल्लीच्या टोकावरून माझ्या माणसाने हाक मारली. काम झालं होतं, सगळे खाली उतरले होते. "साहेब, सप्लाय सोडू का?"

मी वर बघितलं. हात अजून वरच होता.

"थांब जरा," मी म्हणालो. "एक अंतरा राहिलाय."